बिनमुंडक्यांचं बेट

शालूचं ठरलेलं लग्न एका मंगल कार्यालयावरून मोडलं आणि दुसऱ्या मंगल कार्यालयावरून परत जुळलं, त्या वर्षी काकासाहेब ग्रीसला जाऊन आले. लेकीची पाठवणी झाली आणि पुढच्याच महिन्यात कल्याणनं बापाला तिकडं बोलावून घेतलं. कल्याण हा त्यांचा थोरला. पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर, आणि कंपनीनं त्याला भर समुद्रातल्या एका बेटावर नेऊन ठेवलेलं. पुष्पाबाईंनी जायला साफ नकार दिला. "आबांचं कोण बघील?" असं त्या म्हणाल्या. खरी गोष्ट अशी की लग्नात पाहुण्यांशी गोड बोलून त्यांचा जबडा दुखत होता, आणि नवरा महिनाभर घरात नसला तर तेवढाच आराम, असा त्यांनी विचार केला होता.

आबा म्हणजे पुंजाराम, काकासाहेबांचे वडील. उभा जन्म शेती केलेला माणूस. गुडघे गेल्यावर परतूरला लेकाच्या घरी येऊन राहिले आणि ओट्यावरच्या बाजेवरून गल्लीचा कारभार बघू लागले. बसून केलेल्या कामाला ते काम म्हणत नसत. काकासाहेबांना सरकारी कचेरीत अव्वल कारकुनाची बढती मिळाली, तेव्हा पेढा तोंडात टाकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "म्हंजे आता बी बसूनच?" तोच माणूस आता निवृत्त होऊन थेट समुद्रापलीकडं जाऊन आला. आता तरी बाप काही चांगलं बोलेल, अशी काकासाहेबांना आशा होती. साठी उलटली तरी ही आशा सुटत नाही.

आल्या दिवशी आबांनी विचारलं, "काय पाह्यलं?"

इथं काकासाहेबांनी समुद्र म्हणायला पाहिजे होतं. निळंशार पाणी, पांढरी घरं, काहीही चाललं असतं. पण ते पडले खऱ्या बोलण्याचे. म्हणाले, "संग्रहालय पाह्यलं, आबा. मूर्त्यांचं. अडीच हजार वर्षांच्या मूर्त्या."

"कशा हायेत?"

"कुणाला मुंडकं न्हाई. कुणाला हात न्हाई. एकाचा नुसता पाय हाय."

आबांनी काठी बाजेला टेकवली. मग म्हणाले, "इमानात बसून फुटक्या मूर्त्या पाह्याला गेल्तास?" आणि शेजारच्या तातेरावांकडं वळून निकाल दिला, "ह्यो कुठंच गेल्ता न्हाई. संभाजीनगरला एखाद्या लॉजवर पडून आल्ता आसंल."

पुरावा म्हणावा तर नव्हता. परतीच्या बोटीत शेवटचा फोटो काढताना काकासाहेबांचा मोबाइल हातातून सुटला आणि सगळ्या फोटोंसकट समुद्रात गेला. कल्याण दिवसभर कामावर, त्यानं बापाचा एकही फोटो काढला नव्हता. काकासाहेबांनी पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. तातेरावांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "काकासाहेब, शिक्क्याचं काय घेऊन बसलात. माझ्या सातबाऱ्यावर शिक्का हुता, तरी तुम्हीच म्हनले हुते की शिक्का चालत न्हाई." हे खरं होतं. उभ्या नोकरीत काकासाहेबांनी कुणाचा अर्ज पहिल्या फेरीत घेतला नव्हता.

आता संग्रहालयाचं सांगायचं तर ते पाहायला म्हणून काकासाहेब गेलेच नव्हते. कल्याणची खोली दुपारी तव्यासारखी तापायची, आणि संग्रहालयात थंड हवा होती आणि बसायला बाक होता. म्हणून ते रोज तिथं जाऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांना सरकारी गोदामात आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. पण रोज त्याच बाकावर बसल्यावर समोरच्या मूर्तीकडं बघण्याशिवाय माणूस करणार काय? ती एक बसलेली बाई होती. डोकं नाही, हात कोपरापासून गेलेले, नुसती मांडी आणि मांडीवरच्या लुगड्याच्या चुण्या. तरीसुद्धा ती अशी बसली होती, की आत्ता कुणी हाक मारली तर "आले" म्हणून उठेल. हळूहळू काकासाहेबांना तिची इतकी सवय झाली, की निघायच्या दिवशी ते तिला येतो म्हणून सांगून आले. ही गोष्ट त्यांनी घरी कुणाला सांगितली नाही. ज्या घरात बोटीचं पटत नव्हतं, तिथं हे कसं पटावं?

ऑगस्टात गल्लीच्या गणेश मंडळाची बैठक भरली. मंडळाचा अध्यक्ष पप्पू. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर सतत कुणीतरी बोलत असे. मागच्या वर्षी मंडळानं बर्फाच्या गुहेचा देखावा केला होता. ती गुहा तिसऱ्या दिवशी वितळून शेजारच्या किराणा दुकानात शिरली. त्यामुळं औंदा काहीतरी कोरडं करावं असं सगळ्यांचं मत होतं.

काकासाहेब उभे राहिले. "ग्रीसच्या बेटावरचं संग्रहालय करू," ते म्हणाले.

बेट म्हणजे भोवती पाणी आलं, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत पप्पूनं टाळी वाजवली. "काका, एकदम हटके. परतूरमधी कुणी केलं न्हाई."

"कुणी पाह्यलंच न्हाई तर करंल कोन?" तातेराव म्हणाले. "आन ह्यांनी तरी कुठं पाह्यलंय?"

हे वाक्य काकासाहेबांना लागलं, आणि देखाव्याची सगळी जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. देखावा हुबेहूब करायचा, आबांना समोर नेऊन बसवायचं आणि म्हणायचं, बघा, हे पाहिलं. बस, एवढंच.

मूर्त्यांसाठी ते स्टेशन रोडच्या सोमेश्वरकडं गेले. सोमेश्वर गणपती करायचा आणि नवरात्रात देव्या. काकासाहेबांनी शालूच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेमागं आठवून आठवून तीन बाया आणि एक पुरुष असं चित्र काढलं होतं. सोमेश्वरनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हिचं मुंडकं कुठं हाये?"

"न्हाईच."

"चित्रात न्हाई का मूर्तीत न्हाई?"

"मूर्तीतच न्हाई."

सोमेश्वरनं पत्रिकेची घडी घालून परत दिली. "काका, ऐन गणपतीत असलं काम सांगू नका. खंडित मूर्ती पाण्यात सोडतेत, मांडत न्हाईत. मी फुटकी मूर्ती इकली म्हनल्यावर माझ्याकडं पुढच्या साली गणपती घ्याया कोन येईल?"

काकासाहेबांनी त्याला काळ, भूकंप आणि परकी आक्रमणं समजावून सांगितली. सोमेश्वर हाताची माती खरवडत ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "म्हंजे पहिल्यानं बराबर हुत्या. मंग फुटल्या."

"बरोबर."

"मंग मी बी बराबर करून देतो. फोडायचं तुमचं तुम्ही पाहा."

कागदाला कागद लावून आयुष्य काढलेल्या माणसाला हा तोडगा बिनचूक वाटला. काकासाहेबांनी मनातल्या मनात सोमेश्वरला दाद दिली. ही त्यांची पहिली चूक.

मग परवानगीचं पर्व सुरू झालं. अर्जात काकासाहेबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "प्राचीन ग्रीक कलेचे संग्रहालय." टेबलामागच्या तरुण बाबूनं ते वाचून पेन खाली ठेवलं. मूर्ती प्राचीन असतील तर पुरातत्त्व खात्याचा दाखला जोडा, आणि प्राचीन नसतील तर अर्जात खोटं कामून लिहिलं? काकासाहेबांनी समजूत घालून पाहिली. बाबूनं अर्ज परत केला. दुसऱ्या खेपेला त्यांनी "प्राचीन (नवीन)" असं लिहून नेलं, तेव्हा तो घेतला गेला. पण पुढच्या टेबलावर "बेट" अडलं. बेट म्हणजे पाणी, पाणी म्हणजे बुडण्याचा धोका, तेव्हा जीवरक्षक नेमल्याचं पत्र आणा. पाणी पोटरीपर्यंत असणार होतं. काकासाहेब म्हणाले, "साहेब, ह्यात कोंबडीसुद्धा बुडणार नाही." बाबू म्हणाला, "तसं कोंबडीचं वेगळं पत्र लागंल." बाहेर येऊन काकासाहेब झाडाखाली उभे राहिले. आपण नोकरीत इतकी वर्षं लोकांना नेमकं असंच झाडाखाली उभं केलं, असा विचार त्यांच्या मनात आला. पण तो त्यांनी लांबू दिला नाही.

जीवरक्षक म्हणून तातेरावांना नेमलं. त्यांना पोहता येत नव्हतं, पण त्यांच्याकडं शिट्टी होती.

रस्ता खोदायला मनाई, म्हणून विटांचा काठ करून त्यात मोंढ्यातल्या धान्याच्या अडतीवरची ताडपत्री अंथरली, मधोमध मातीचा उंचवटा केला, त्यावर छपराखाली गणपती बसवायची जागा ठेवली आणि टँकरनं पाणी सोडलं. समुद्र तयार झाला. स्थापनेच्या आदल्या दिवशी सोमेश्वरच्या टेम्पोतून मूर्त्या उतरल्या, आणि काकासाहेब टेम्पोभोवती दोनदा फिरून आले. सोमेश्वरकडं बाईच्या चेहऱ्याचा एकच साचा होता, नवरात्रातल्या देवीचा. त्यामुळं तिन्ही ग्रीक बायांना तेच मोठे डोळे, तेच हसू, नाकात नथ आणि कपाळाला मळवट. पुरुष एकच होता. संग्रहालयात तो डावा पाय पुढं टाकून उघडा उभा असे. सोमेश्वरकडं पुरुषाचा साचा लग्नाच्या गेटवरच्या भालदाराचा, तोही कमरेपर्यंतच. म्हणून वर फेटा आणि मिशा, आणि कमरेखाली काकासाहेबांच्या चित्राबरहुकूम ग्रीस.

"असू दे," काकासाहेब स्वतःला म्हणाले. "मुंडकी तर फोडायचीच हायेत."

तातेरावांचा हातोडा मागून घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात गेले. पण साधनाताई त्यांच्या आधी पोचल्या होत्या. साधनाताई गल्लीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष. तीन-तीन देव्या गल्लीत आल्या आणि त्यांना हळदीकुंकू नाही, हे त्यांना बघवलं नव्हतं. गटाच्या सगळ्या बाया घेऊन त्यांनी ओट्या भरल्या होत्या. प्रत्येक ग्रीक मूर्तीच्या पुढ्यात खण, नारळ, तांदूळ, सुपारी. एक म्हातारी तर बसलेल्या बाईच्या पायावर डोकं ठेवून होती.

काकासाहेब हातोडा घेऊन उभे. ओटी भरलेल्या देवीच्या मुंडक्यावर हातोडा कसा घालायचा, याचं उत्तर ना ग्रीसमध्ये होतं, ना परतूरमध्ये.

"काकासाहेब, हातोडा कशाला वं?" साधनाताईंनी विचारलं.

"खिळा ठोकायचाय," काकासाहेब म्हणाले, आणि इभ्रत राखायला म्हणून त्यांनी चौथऱ्यात एक खिळा ठोकला. त्या खिळ्यावर पुढं सगळा उत्सवभर मंडपवाल्याची पिशवी लटकत होती.

"आन आणखी एक," साधनाताई म्हणाल्या. "ह्यांच्या अंगावर लुगडं हाये का न्हाई तेच कळत न्हाई. ओल्यानं चिकटल्यावानी दिसतंय. आम्ही साड्या नेसवतो. आन त्या भालदाराला तुम्ही धोतर नेसवा. आत्ताच्या आत्ता."

दुपारपर्यंत संग्रहालय लग्नघरासारखं दिसू लागलं. लोकांना फार आवडलं. रांगा लागल्या. बाया नथीचा घाट बघून जात. काकासाहेब लोकांना सांगत, "अहो, ह्या मूळच्या फुटलेल्या हायेत," आणि लोक चुकचुकून म्हणत, "आता दुरुस्त केल्या न्हवं, बरं झालं."

सगळी बातमी ओट्यावर पोचत होती. आबा पुष्पाबाईंना म्हणाले, "देव्या म्हनं नथ घालून आल्यात. तिकडं नथ घालतेत व्हय?"

"मला काय म्हाईत, मामंजी."

"नथ आपली, फेटा आपला, धोतर आपलं. मंग ह्यानं तिकडचं पाह्यलं काय?"

काकासाहेब आत जेवत होते. घास त्यांच्या हातात तसाच राहिला. हुबेहूब दाखवायला निघालेला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला खोटा पाडत चालला होता. तरी हात पुसून ते बाहेर आले. "आबा, एकदा या तर पाह्याला. तालुक्याच्या देखावा स्पर्धेचे परीक्षक येणारेत शनिवारी. मी रिक्षा पाठवतो."

"गुडघ्यानं बसवत न्हाई रिक्षात."

"हळू आणंल तो."

आबांनी बाजेवर कूस बदलली. त्यांच्याकडून नकार आला नाही म्हणजे तो होकार असे.

इकडं समुद्राचं एक निराळंच दुखणं निघालं. ग्रीसच्या समुद्राला भरती-ओहोटी फारशी नसते, असं कल्याणनं सांगितलं होतं. परतूरच्या समुद्राला मात्र होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत दारापुढं एवढं पाणी भरून ठेवल्यावर दुसरं काय होणार? धुणं, भांडी, म्हैस, कूलर, सगळ्यांसाठी लोक गुपचूप बादल्या भरून नेत. तातेराव शिट्टी वाजवत. वाजवायचे, आणि गर्दी पांगली की स्वतःची बादली भरायचे. रोज समुद्र घोट्याखाली जाई आणि रोज टँकर बोलवावा लागे.

शनिवारी दुपारी परीक्षक निघाल्याचा फोन आला, तेव्हा समुद्राला पुरती ओहोटी होती. ताडपत्री उघडी पडली होती. पप्पूनं टँकर आणला, जाड पाइप एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला लावून तो परीक्षकांना रस्ता सांगू लागला. "साहेब, डावीकडं वळा, न्हाई, डावीकडं." ड्रायव्हरला वाटलं, आपल्यालाच सोडायला सांगितलं. त्यानं तोटी पुरी उघडली.

पाइप पप्पूच्या हातातून सुटला तो जनावरासारखा उसळला. पहिल्या फटक्यात भालदाराचं फेट्यासकट डोकं उडालं आणि समुद्रात जाऊन तरंगू लागलं. दुसऱ्या फटक्यात उभ्या दोघींची मुंडकी गेली, तिसऱ्यात बसलेल्या बाईचं डोकं आणि दोन्ही हात. पाण्याच्या लोटानं धोतर सुटलं, साड्या उतरल्या, नारळ वाहात निघाले. तातेराव खुर्चीवर उभे राहून शिट्टी वाजवत होते, पण पाइप ऐकेना. शेवटी ड्रायव्हरनं तोटी बंद केली. गणपती मागं उंचवट्यावर होता, त्याच्या अंगावर एक शिंतोडासुद्धा उडाला नाही.

 साधनाताईंनी तोंडावर पदर धरला. पप्पू मोबाइल पुसत होता.

काकासाहेब चपलांसकट पाण्यात उतरले आणि मध्येच थांबले. समोर ती बसली होती. डोकं नाही, हात कोपरापासून गेलेले, मांडीवर ओलं कापड चिकटलेलं आणि त्याच्या चुण्या. उन्हात ती अशी बसली होती, की आत्ता कुणी हाक मारली तर उठेल.

"हेच," काकासाहेब म्हणाले. "अगदी हेच."

"झटका बसलाय ह्यांना," तातेराव पप्पूला म्हणाले. "पुष्पाबाईंना बोलवा जल्दी."

तेवढ्यात परीक्षकांची गाडी आली. तिघंजण उतरले, चष्मे सारखे केले आणि तरंगणाऱ्या फेट्याकडं बघत उभे राहिले. "विषय काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "प्राचीन ग्रीक..."

"आपत्ती व्यवस्थापन, साहेब," पप्पू मध्येच बोलला. "अचानक पूर आला म्हंजे काय हाल होतात, त्याचं जनजागरण."

साहेबांनी मान हलवली. पडलेली मुंडकी पाहिली, वाहणारे नारळ पाहिले, हमसून हमसून रडणारी म्हातारी पाहिली. "फार जिवंत केलंय," ते हळूच म्हणाले. मग त्यांना शिट्टीवाले तातेराव दिसले. "जीवरक्षकसुद्धा नेमलाय. सहसा कुणी एवढा विचार करत नाही." काकासाहेबांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा पप्पूनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "काका, गप राहा. बक्षीस हाये." अर्जाचा विषय एका शब्दानं बदलून निकाल कसा फिरवतात, हे काकासाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बाबतीत केलं होतं. स्वतःच्या बाबतीत ते पहिल्यांदाच बघत होते.

आणि रिक्षा येऊन उभी राहिली. पुष्पाबाईंनी आबांना धरून उतरवलं. कुणीतरी खुर्ची दिली. आबा काठीवर हनुवटी टेकवून बसले आणि एकेक मूर्ती बघत गेले. काकासाहेब पाण्यात तसेच उभे. 

आबांची नजर बसलेल्या बाईवर थांबली. बराच वेळ थांबली.

"ही अशीच हाये तिकडं?" त्यांनी विचारलं.

"अशीच हाये, आबा."

"मुंडकं न्हाई?"

"न्हाई."

"आन लोक हिला पाह्याला येतेत?"

"येतात. मी तर रोज जाऊन बसायचो हिच्यापुढं."

आबांनी मान डोलावली. मग तातेरावांकडं वळून म्हणाले, "गेल्ता ह्यो. खरंच गेल्ता. असलं ध्यान घरी बसून कुणाच्या डोक्यातून निघत न्हाई."

चांगलं म्हणावं असं त्या बोलण्यात काही नव्हतं. तरी काकासाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि पुसायचं पाणीच होतं म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

मंडळाला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला, आपत्ती व्यवस्थापनाबद्दल. ढाल पप्पूच्या दुकानात लागली. आबा मात्र त्यानंतर ओट्यावर येईल त्याला सांगू लागले, की आमचे काकासाहेब समुद्रापल्याड जाऊन आले. तिकडं देवाला मुंडकं ठेवत नाहीत. तोंड दिसलं की माणूस मागत बसतो, म्हणून ठेवत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि काकासाहेबांनीही कधी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी खुर्ची घेऊन ते बाजेशेजारी बसत, आणि आबा ग्रीसची माहिती सांगत ती ऐकत.

आबा त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले. काकासाहेब घरीच होते, बाजेशेजारी बसून.